मुंबुआबाईंची खोली

आमच्या शाळेत एखाद्या मुलीला ‘समुपदेशनाला पाठवा’ असं म्हटलं, की तिच्या मैत्रिणी तिच्यासाठी गवत कापायचं पातं शोधायला पळत. समुपदेशन म्हणजे उपमुख्याध्यापक मुलिंगे सरांसमोर उभं राहून बोलणी खायची आणि मग भर उन्हात मैदानाच्या कडेचं गवत कापायचं. दुसरा अर्थ कोणाला ठाऊकच नव्हता. मी तिथे पाककला आणि शिवण शिकवत होते, अजूनही शिकवते. माझं नाव न्दिंडा. मुंबुआबाई माझ्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायच्या, मध्ये फक्त एक पत्रा. त्यांनी रात्री कूस बदलली तरी मला कळायचं. त्यामुळे सांगते ते ऐकीव नाही.

त्या स्वाहिली शिकवायच्या. अंगानं भरलेल्या, चालताना धापा टाकणाऱ्या, आणि हसू आलं की दोन्ही हातांनी तोंड झाकणाऱ्या. त्यांच्यावर हे काम कसं पडलं तेही गमतीचंच आहे. प्रत्येक शाळेत एक समुपदेशक शिक्षक असलाच पाहिजे, असं सरकारचं परिपत्रक आलं. स्टाफच्या सभेत मुख्याध्यापिका सिओकाऊ मॅडमनी आमच्यावरून नजर फिरवली आणि ती मुंबुआबाईंवर थांबली.

“तुम्हाला चार मुलं आहेत ना, बाई? मग झालं तर. तुम्हीच.”

“मॅडम, मला यातलं काही येत नाही.”

“येण्यासारखं काय आहे त्यात? बोलायचं. बोलता तर येतं ना तुम्हाला?”

सगळे हसले. चहा आला, तळलेल्या गोड मांदाझी आल्या, विषय संपला. बाईंचा एकही तास कमी झाला नाही. खोली म्हणून त्यांना खेळाच्या सामानाची कोठी मिळाली. फाटकी जाळी, तुटके बाक, वाळलेल्या रंगाचे डबे. बाईंनी सगळं बाहेर काढलं, फरशी घासली, खिडकीला घरातली एक चांगली छापील सुती लेसो पडद्यासारखी लावली आणि दोन खुर्च्या ठेवल्या. एक शाळेची, एक घरची. मग शनिवार-रविवारी त्या मचाकोसला चर्चनं चालवलेल्या समुपदेशनाच्या एका शिक्षणक्रमाला जायला लागल्या. त्यांचे यजमान किलोन्झो मोंबासा रस्त्यावर ट्रक चालवायचे, महिन्यातून दोनदा घरी यायचे. पत्र्याच्या पलीकडून मी त्यांचं बोलणं ऐकायची.

“दुसऱ्यांच्या पोरींचं रडणं ऐकायला तू शिकायला जातेस? माझी आई जन्मभर फुकट ऐकत आली की!”

“तुमच्या आईनं ऐकून घेतलं आणि गावभर सांगितलं,” बाई म्हणायच्या. “मी न सांगायचं शिकतेय.”

पहिलं सत्र गेलं, खोलीकडे कोणी फिरकलं नाही. आत विंचू असल्यासारख्या मुली दारावरून अंग चोरून जायच्या. आत शिरताना कोणी पाहिलं, तर जेवणाच्या वेळेपर्यंत ‘डोकं फिरलं हिचं’ म्हणून वसतिगृहभर बोभाटा. मग एक दिवस बाई माझ्याकडे आल्या आणि सुया, दोरे, बटणं मागून घेऊन गेल्या. दारावर पाटी लागली, ‘गणवेश दुरुस्ती’. उसवलेली शिवण घेऊन मुली यायला लागल्या. खाली मान घालून टाके घालताना कोणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही. आणि शाळेतले सगळे स्कर्ट अचानक फार फाटायला लागले. काही मुली स्वतःच ब्लेडनं शिवण उसवायच्या, हे मला टाके बघून कळत होतं. मी बोलले नाही.

त्या मुली काय सांगायच्या? मला माहीत नाही. पत्र्याला कान लावला तर बाईंचा श्वासही ऐकू यायचा, पण त्या खोलीतलं एक अक्षर त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

आता मुरुमाचं सांगते. छडी कायद्यानं बंद आहे. म्हणून आमच्याकडे छडी नव्हती, मुरूम होता. झेंड्याच्या खांबाभोवती लाल मुरूम टाकलेला, टोकदार खडे. चाचणीचे निकाल लागले की प्रत्येक मुलीला ठरवून दिलेले गुण तिनं मिळवले की नाही ते पाहायचं, आणि ज्यांनी मिळवले नाहीत त्यांनी सकाळच्या प्रार्थनेपासून पहिल्या तासाच्या घंटेपर्यंत त्या मुरुमावर गुडघे टेकून बसायचं, सगळ्या शाळेसमोर. पालकांना हे ठाऊक होतं. पालकांना आमची शाळा त्यासाठीच आवडायची. निकाल चांगले लागत होते.

न्थेन्या माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षाला होती. बारीक चणीची, पदार्थविज्ञानात पहिली येणारी. बाप म्बिथी नदीकाठी ट्रकांत वाळू भरायचा. ही मुलगी कधी गुडघ्यांवर बसली नव्हती. त्या सोमवारी तिचं नाव वाचलं गेलं तेव्हा रांगेतून ‘हा!’ असा आवाज उठला. ती पुढे आली आणि इतर मुलींसोबत बसली. घंटा झाली, बाकीच्या उठल्या. ही उठली नाही.

“ऊठ,” मुलिंगे सर म्हणाले.

“येत नाही, सर.”

“काय येत नाही?”

“उठता. पाय माझे नाहीत.”

सरांना वाटलं उद्धटपणा करते. त्यांनी दंडाला धरून ओढलं, तर ती पोत्यासारखी एका अंगावर कलंडली. पाय जसे दुमडलेले तसेच. दोघींनी उचलून तिला वसतिगृहात नेलं. दुसऱ्या दिवशी तिच्याच खोलीतल्या आणखी दोघी पलंगावरून उतरेनात. मग शेजारच्या खोलीतली एक, मग प्रार्थना चालू असतानाच एक. आठवडा संपायच्या आत सभागृहात गाद्यांची रांग लागली.

डॉक्टर आले, गुडघ्यांवर हातोडी मारून बघितली, तळव्यांना टाचणी टोचली, म्हणाले, “काही झालेलं नाही यांना.” हे त्यांनी मुलींसमोरच सांगितलं. ते गेले, मग पाद्री आले. त्यांनी सैतानाला हाका मारमारून बाहेर बोलावलं. तो आला नाही, पण त्या आरडाओरड्यात आणखी तिघी पडल्या.

मुंबुआबाई मात्र गादीगादीपाशी जाऊन बसत होत्या. हातात सुईदोरा आणि कोणाचा तरी स्कर्ट. त्यांचे तास मी आणि दुसऱ्या एक बाई वाटून घेत होतो. शुक्रवारी त्या मॅडमच्या ऑफिसात शिरल्या तेव्हा मी तिथेच होते, स्वयंपाकघरातलं सरपण संपत आल्याचं सांगायला गेले होते. कोणी मला बाहेर जा म्हटलं नाही.

“मॅडम, एक विनंती आहे. मुरुमावर बसवणं थोडे दिवस थांबवा. फक्त बघू या काय होतं ते.”

“मुरुमामुळे झालं असं कोण म्हणतंय?”

“कोणीच नाही. त्यांचं त्यांनाच कळत नाहीये. पण ज्या पडल्या त्या सगळ्या गुडघ्यांवर बसलेल्या, नाहीतर पुढच्या निकालाला बसावं लागणाऱ्या. पहिल्या वर्षाची एक नाही त्यात. त्यांना अजून बसवत नाही आपण.”

“नावं सांगा. कोण काय बोललं तुमच्याजवळ?”

“ते नाही सांगता येणार, मॅडम.”

“नाही सांगता येणार?” मॅडम खुर्चीतून उठल्या. “त्या खोलीची किल्ली तुम्हाला मी दिली, बाई. मुलींच्या मनात काय शिजतंय ते मला कळावं म्हणून दिली. शिवणकाम करायला नाही.”

मॅडमनी मग एक विलक्षण गोष्ट केली. टेबलामागून पुढे आल्या आणि स्कर्ट गुडघ्याच्या वर उचलला. दोन्ही गुडघ्यांवर जुने, काळे, सुरकुतलेले वण.

“हे बघा. आमच्या वेळी विटांचे तुकडे असायचे. माझा बाप कोळसा जाळून विकायचा. या गुडघ्यांवर मी इथपर्यंत आले. माझे पाय गेले? सांगा ना, गेले?”

“मॅडम,” मुंबुआबाई हळूच म्हणाल्या, “तुम्हाला तेव्हा कोणी विचारलं होतं का, दुखतंय का म्हणून?”

क्षणभर मला वाटलं, मॅडम रडणार. त्यांनी स्कर्ट खाली सोडला, सारखा केला.

“मुलींना कणखर करा, बाई. मऊ करायला पगार नाही देत सरकार.”

दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावून सांगितलं, आपापल्या मुली घेऊन जा. कोणी पाठीवर, कोणी हातगाडीवर, कोणी मोटरसायकलवर मध्ये बसवून मुली नेल्या. फाटकापाशी आया रडत होत्या. तासाभरानं एक मोटरसायकलवाला परत आला तो हसत हसतच.

“अहो मॅडम, तुमच्या लंगड्या मुली बाजारात चालतायत! मटाटू गाड्यांच्या थांब्यावर उभ्या आहेत, कणसं खातायत भाजलेली!”

खरंच होतं ते. शाळेची टेकडी उतरली, मोठा रस्ता लागला, आणि एकेकीचे पाय आपोआप मोकळे झाले. एक म्हणे खाली उतरून शेळीमागे धावली. ही बातमी ऐकून मुलिंगे सरांनी टेबलावर थाप मारली. “ढोंग! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो!”

मुंबुआबाई तिथेच होत्या. “सर, तेच तर मी सांगतेय,” त्या कळवळून म्हणाल्या. “फाटकाबाहेर गेल्यावर बऱ्या होतात. म्हणजे दुखणं फाटकाच्या आत आहे ना?”

त्यांच्याकडे सगळे असे बघायला लागले, की जणू आता यांचेही पाय बघायला हवेत.

पुढच्या आठवड्यात शाळा समितीची सभा बसली. अध्यक्ष म्हणजे आमच्या भागाचा सरकारी कारभार पाहून निवृत्त झालेले चीफ, त्यांच्या बाजूला शिक्षण खात्याचे एक साहेब, खाली पालक. गेलेल्या मुलींना परत घ्यायचं की नाही हे ठरायचं होतं. चीफनी सुरुवातच अशी केली, “ही शाळा इतकी वर्षं उभी आहे. पाय जाण्याचा रोग इथे कधी नव्हता. ती खोली उघडली आणि रोग आला. बरोबर आहे का?”

“बरोबर,” खालून आवाज आले.

म्बिथी उठला. वाळूनं फुटलेले हात एकमेकांत गुंतवून उभा राहिला. “चीफ, साहेब, मॅडम. मला बोलता येत नाही. माझी पोर हुशार आहे. तिला घरी बसवून मी काय करू, वाळू भरायला नेऊ? तिला परत घ्या. ती माफी मागेल. तुमच्यासमोर, गुडघ्यांवर.”

आणि त्यानं तिला पुढे ढकललं. न्थेन्या सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकून बसली. मी मुंबुआबाईंकडे बघितलं. त्यांनी मांडीवरची पर्स अशी आवळून धरली होती, की कातड्याला सुरकुत्या पडल्या.

“बोल,” चीफ म्हणाले.

“मी ढोंग केलं.”

“मोठ्यानं.”

“मी ढोंग केलं. मला माफ करा.”

“ऊठ आता.”

ती उठली. एका झटक्यात, हात न टेकता. सभागृहात खसखस पिकली. “आले बघा पाय!” मागून कोणीतरी म्हणालं.

साहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. आवाज मऊ होता. “बाळ, एवढं सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यातून नाही आलं. कोणी शिकवलं?”

ती फरशीकडे बघत राहिली. बाप कळवळून म्हणाला, “सांग ना गं. सांग, माझे आई.”

“त्या खोलीत,” न्थेन्या म्हणाली, “बाई म्हणायच्या, तोंडानं बोलता आलं नाही तर शरीर बोलतं.”

“म्हणजे बाईंनी शिकवलं?”

बाहेर स्वयंपाकघरात मुथोकोईचा मका कांडत होते, त्याचे ठोके ऐकू येत होते.

“हो,” ती म्हणाली.

मुंबुआबाईंना विचारलं, काही म्हणायचंय का. त्या उठल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या मुलीनं गादीवर पडल्या पडल्या त्यांना काय काय सांगितलं असेल, ते एक वाक्य जरी त्या बोलल्या असत्या तरी सभा उलटली असती. बाईंनी घसा खाकरला.

“मुलगी दमलीय. तिला काहीतरी खायला द्या आणि वर्गात बसवा. बास.”

बदलीचा हुकूम आला. किटुईच्या पलीकडे, ताना नदीच्या बाजूला, जिथे गाढवांवर पाणी येतं. त्या सामान बांधत होत्या तेव्हा मी भांडलेच त्यांच्याशी.

“बोलला का नाहीत? तोंडाला काय कुलूप लावलं होतं?”

“काय बोलू? तिनं विश्वासानं सांगितलेलं तिच्याच बापासमोर ओतू? मग त्या खोलीत परत कोण पाऊल ठेवेल, न्दिंडा?”

“कोण ठेवणार आहे आता! तिथे मुलिंगे बसणार आहेत. कालच ठरलं.”

हे त्यांना माहीत नव्हतं. त्या ट्रंकेवर बसल्या आणि हसल्या. हात तोंडावर न घेता. इतकं वाईट हसणं मी कोणाचं ऐकलं नव्हतं.

“आणि त्या कार्टीनं,” मी म्हणाले, “तुम्हाला विकलं ते?”

“तिला शाळा हवी होती. त्यांनी तिला एकच दार दाखवलं, ती त्यातून गेली. तू नसतीस गेलीस?”

खोलीला नवा रंग लागला. ‘मार्गदर्शन व समुपदेशन कक्ष’ अशी मोठी पाटी आली आणि शिक्षण खात्याच्या पाहुण्यांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. मुरूम उचलला गेला हेही खरं. गुडघ्यांवर बसवणं सभागृहामागच्या सिमेंटवर सुरू झालं, तिथे पाहुण्यांची नजर जात नाही. पाय मात्र पुन्हा कोणाचे गेले नाहीत. मुली शहाण्या झाल्या. माझ्या तासाला त्या इतक्या निमूट बसतात, की कधीकधी कात्री आपटून बघावंसं वाटतं.

न्थेन्या शेवटच्या परीक्षेत आमच्या भागात पहिली आली. मॅडमनी तिला मिठी मारली, मुलींनी तिला खांद्यांवर घेऊन मैदानभर नाचवलं, फाटकावर तिचा फोटो लागला. नंतर नैरोबीला इंजिनिअरिंग शिकत असताना बक्षीस समारंभाला पाहुणी म्हणून आली. मंचावरून म्हणाली, “या शाळेच्या शिस्तीनं मला घडवलं.” टाळ्या पडल्या. समारंभानंतर मी तिला चहा दिला आणि म्हटलं, “मुंबुआबाई तानाकडे आहेत.” तिनं कप खाली ठेवला. “मला माहीत आहे,” म्हणाली, आणि तिला न्यायला आलेली गाडी उभी होती तिकडे निघून गेली.

डिसेंबरच्या सुट्टीच्या तोंडावर मी बाईंना भेटायला गेले. आमची शाळा सुटली होती, त्यांची आणखी दोन दिवस चालणार होती. मी त्यांना ओळखलंच नाही. अंग निम्मं झालेलं. त्यांनी चपात्या केल्या, मी डाळ केली. जेवताना सांगायला लागल्या, की वर्षभर झोप नाही. वर्गात उभं राहिलं की साधा शब्द सापडत नाही. जन्मभर जी भाषा शिकवली तिच्यातला शब्द, फळ्यासमोर खडू धरून त्या उभ्या राहतात आणि मुली वाट बघतात.

“दाखवलं नाही कोणाला?”

“गेले होते की काउंटीच्या सरकारी हॉस्पिटलात. मनाचे डॉक्टर मंगळवारी येतात. दोन मंगळवार ते आलेच नाहीत. तिसऱ्या मंगळवारी एक तरुण मुलगा बसला होता, मागे व्हरांडाभर माणसं. काय काम करता विचारलं. मी शिक्षिका म्हटलं, आणि मूर्खासारखं हेही सांगितलं, की समुपदेशन करायची. तर म्हणतो, मग मॅडम, तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हाला सगळं माहीतच असेल. आणि गोळ्या लिहून दिल्या.”

“घेता?”

“झोप लागते. शब्द अजून सापडत नाहीत.”

न्थेन्याचं भाषण मी त्यांना सांगणार नव्हते, पण त्यांनीच तिची चौकशी केली, मग लपवता आलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ताटात बोट फिरवत.

“बारीक झालीय का?”

“नाही. चांगली आहे.”

“मग ठीक,” म्हणाल्या, आणि ताट उचलून धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत शाळेत गेले. तिथले मुख्याध्यापक व्हरांड्यात भेटले. भला माणूस वाटला. माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही यांच्या मैत्रीण ना? समजवा यांना. इथे आम्हाला समुपदेशक नाही. या शिकल्यात, अनुभव आहे, पण नाहीच म्हणतात.”

“मला नाही जमणार, सर,” मुंबुआबाई म्हणाल्या, जणू कोणी त्यांना झाडावर चढायला सांगितलं होतं.

आम्ही वर्गाकडे निघालो. नळापाशी एक मुलगी भिंतीला कपाळ टेकून उभी होती, खांदे हलत होते. बादली भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं. मुंबुआबाईंचं पाऊल मंदावलं. मी मुद्दाम एक पाऊल मागे राहिले. त्यांनी वाकून नळ बंद केला. मुलीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

“तास सुरू झालाय,” बाई तिला म्हणाल्या. “वर्गात जा.”

आणि खडूचा डबा काखेत धरून त्या पुढे गेल्या.